वानगी आणि निवाडा

ग्राहकाने माल पारखून घ्यावा, ही रीत फार जुनी आहे. धान्याचा व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढतो व तळहातावर पसरून दाखवितो. कापडवाला ठाण उलगडतो. तांब्यापितळेचे भांडे टिचकी मारून त्याचा नाद ऐकल्यावाचून घरी येत नाही. आंब्याच्या दिवसांत फळवाला एक फाक कापून पुढे करतो, आणि ती खाऊन आपण पुढच्या गाडीकडे वळलो तर कोणी आपणास चोर म्हणत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र ही रीत आजवर अर्धीच चालत आली. दुकानात उभ्या उभ्या चार पाने चाळावीत, मलपृष्ठावरचा मजकूर वाचावा, आणि दुकानदाराची नजर आपल्याकडे वळली की पुस्तक घ्यावे किंवा मुकाट्याने ठेवून द्यावे, एवढीच पारख. ई-पुस्तकांच्या यंत्राने ही स्थिती पालटली आहे, आणि तिच्याबरोबर एक नीतीचा प्रश्नही आपल्या घरात येऊन बसला आहे. त्याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

ज्यांनी हे यंत्र अद्याप हाती घेतलेले नाही, अशा वडील मंडळींसाठी थोडी माहिती देतो. अॅमेझॉन कंपनीने किंडल नावाचे यंत्र २००७ च्या नोव्हेंबरात प्रथम अमेरिकेत विक्रीस आणले. २०१२ साली त्याच्या पुस्तकांचे भारतासाठी वेगळे दुकान उघडले, आणि २०१६ च्या डिसेंबरात मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या पाच भाषांची सोय त्यावर झाली. यंत्र पातळ पाटीसारखे असते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून दृष्टी अधू झालेल्यांसही ते मानवते. यंत्र नसले तरी हीच पुस्तके मोबाइल फोनवर वाचता येतात. या दुकानात बहुतेक पुस्तकांबरोबर नमुना मागविण्याची सोय असते. बोट टेकविले की काही क्षणांत पुस्तकाचा आरंभीचा भाग, साधारणपणे एक दशांश, विनामूल्य हाती येतो. दोनशे पानांच्या पुस्तकाची वीस पाने, सहाशे पानांच्या ग्रंथाची साठ. तो परत करावयाचा नसतो व त्यास मुदतही नसते. कित्येकदा तो वाक्याच्या मध्यावरच तुटतो, आणि तेथे उरलेले पुस्तक विकत घेता काय, अशी विचारणा असते. या नमुन्यास मी पुढे ‘वानगी’ म्हणेन. शब्द आपला आहे आणि अर्थही नेमका आहे.

वानगीविषयी दोन प्रश्न संभवतात. एक असा की, फुकट मिळणारा भाग वाचून पुस्तक न घेणे हे लेखकाचे काही बुडविणे आहे काय? दुसरा असा की, एवढ्या भागावरून पुस्तकाविषयी मत देण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो काय? लोकांत चर्चा होते ती पहिल्याची. माझ्या मते पहिला प्रश्न सोपा आहे आणि खरी अडचण दुसऱ्यात आहे.

तरी पहिल्याचा निकाल आधी लावू. फळवाल्याने कापलेल्या फाकेत त्याचे फळ तेवढे उणे होते. वानगीत लेखकाचे काहीच उणे होत नाही. दहा हजार लोकांनी ती वाचली तरी मूळ पुस्तक जसेच्या तसे राहते. शिवाय ती देणाऱ्याने आपण होऊन पुढे केलेली असते. जे आपण होऊन दिले ते घेण्यात दोष कसला? ज्यास पुस्तक पटले नाही त्याने ते घेऊ नये, याचसाठी तर वानगी आहे. असे म्हटले म्हणजे प्रश्न मिटावा. परंतु तो पुरता मिटत नाही, कारण बाजारातील एक गोष्ट येथे राहून गेलेली असते. ती म्हणजे भीड.

फळवाल्यापाशी तिसरी फाक खाताना आपला हात किंचित अडखळतो. तो मनुष्य उन्हात उभा आहे, त्याचे लक्ष आपल्या तोंडाकडे आहे. मग आंबा मनासारखा नसला तरी अर्धा डझन घेऊन आपण सुटका करून घेतो. यंत्रापुढे अशी भीड नाही. चाळीस पुस्तकांच्या वानग्या मागवून एकही पुस्तक न घेता झोपी जाता येते. आता, भीड गेली हे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. भिडेने घेतलेली किती पुस्तके आपल्या कपाटांत न उघडता पडली आहेत! परिचिताने लिहिले म्हणून घेतलेले, प्रकाशनसमारंभात हातात दिले म्हणून घेतलेले, शाळेतील गुरुजींच्या शब्दाखातर घेतलेले. अशा खरेदीत वाचनाचे हित नाही आणि खरे म्हणजे लेखकाचेही नाही. आपले पुस्तक न वाचता ठेवले जावे असे कोणास वाटेल? परंतु त्या भिडेत, तिच्या वेडगळ रूपात का होईना, समोरच्याच्या श्रमाची जाणीव होती. यंत्राने भीड घालविली तेव्हा तिच्याबरोबर ती जाणीवही जाते की काय, एवढीच शंका.

यासंबंधी एक खराच घडलेला प्रकार विचारात घेण्याजोगा आहे. विकत घेतलेले ई-पुस्तक काही दिवसांच्या आत परत करून पैसे मिळविण्याची सवलत अॅमेझॉनने ठेवली होती. चुकून घेतलेल्या पुस्तकासाठी ती होती. काही वाचकांना असे सुचले की, पुस्तक घ्यावे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे, आणि मग परत करावे. एवढेच नव्हे, तर ही युक्ती त्यांनी इतरांनाही आनंदाने शिकविली. परत गेलेल्या पुस्तकाचे मानधन लेखकाच्या खात्यातून वजा होत असे, त्यामुळे कित्येक लहान लेखकांस मिळालेले पैसे पुन्हा जाताना पाहावे लागले. अमेरिकेतील ऑथर्स गिल्ड व इंग्लंडातील सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखकांच्या संस्थांनी आक्षेप घेतला, आणि २०२२ साली कंपनीने असे मान्य केले की, दहा टक्क्यांहून अधिक वाचलेले पुस्तक आपोआप परत घेतले जाणार नाही. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, रेघ पुन्हा दहाव्या भागावरच ओढली गेली. तेथवर ती पारख. त्यापुढे ते वाचन. संपूर्ण वाचून परत करणाऱ्याने वानगी घेतली नाही, तो पंगतीस बसून जेवला आणि वर दक्षिणाही परत मागून घेतली. हा सरळ अन्याय आहे व त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

याहून सूक्ष्म असे एक प्रकरण आहे. कादंबरीची वानगी म्हणजे कादंबरीचा तुकडा. परंतु साठ कवितांच्या संग्रहाचा दहावा भाग म्हणजे सहा कविता, आणि त्या सहाही पूर्ण! लघुनिबंधांच्या किंवा कथांच्या पुस्तकाची वानगी म्हणजे एकदोन संपूर्ण निबंध वा कथा. म्हणजे एकाच नियमाने कादंबरीकार दाराची फट दाखवितो आणि कवी आपल्या घरातील सहा वस्तू उचलून देतो. एखाद्या गृहिणीस लोणच्याची एकच कृती हवी होती आणि ती पाकपुस्तकाच्या वानगीतच मिळाली. तिची गरज तेथेच भागली. आता पुस्तक न घेणे योग्य काय? मला वाटते, पैशाचे ऋण येथे नाही. देणाऱ्याने ते मोकळे सोडले आहे. पण ज्याची गरज पुरी झाली त्याने ‘मी केवळ पारखून पाहिले’ असे स्वतःशी म्हणू नये. त्याने घेतले आहे, आणि मिळालेली वस्तू खरी आहे. आपल्याकडे ऋषिऋण मानले आहे, ते द्रव्याने फिटत नाही. अध्ययनाने आणि मिळालेले दुसऱ्यास देण्याने फिटते. वानगीतील एक कविता मनात राहिली, तर ऐपत असल्यास संग्रह घ्यावा. ऐपत नसल्यास ती कविता कोणाची हे चार जणांना नाव घेऊन सांगावे. नाव न सांगता ती कविता फोनवरून पुढे पाठविणारे लोक पुष्कळ आहेत, आणि ते पुस्तक न घेणाऱ्यांपेक्षा कवीचे अधिक नुकसान करतात असे माझे मत आहे.

ऐपतीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. केवळ वानग्यांवरच ज्यांचे वाचन चालते असेही लोक आहेत. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. मोठ्या ग्रंथालयांत वावरणाऱ्यांस ज्या पुस्तकांची नावे सहज ठाऊक असतात, त्यांतील कित्येकांची पहिली ओळख मला वानगीनेच झाली. अशा वाचकास कोणी दोष देऊ नये. आणि त्यास वानगीवाचून गत्यंतरच नाही, असेही नाही. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे राखला होता, तो १९९२ साली साठ वर्षांचा करण्यात आला. ती मुदत संपल्यावर ते लेखन सर्वांस मोकळे होते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, हरिभाऊ आपटे १९१९ साली. त्यांचे ग्रंथ संपूर्ण, एक पैसा न देता व कोणाचेही न बुडविता वाचता येतात. आणि आपल्या बडोद्याने तर ही वाट पूर्वीच दाखविली आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना उभी केली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्या पेटीतील पुस्तक वाचणाऱ्यावर कोणी चोरीचा आळ घेतला नाही, कारण ती प्रत कोणी तरी विकत घेतलेली होती. शिवाय ते मुदतीत परत करावयाचे असे. मुदत असली म्हणजे मनुष्य पुस्तक संपवितो. वानगीस मुदत नाही, म्हणून ती वाचली जातेच असे नाही. हा तिच्यातील एक दोष म्हणावा लागेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपली म्हण आहे आणि वानगीचा सारा विश्वास तिच्यावर आहे. पण ती म्हण खरी का ठरते, हे पाहिले पाहिजे. एका पातेल्यातील सगळी शिते एकाच पाण्यात व एकाच आचेवर शिजलेली असतात, म्हणून एक दाबून पाहिले की बाकीच्यांविषयी कळते. ग्रंथाचे तसे आहे काय? काही अंशी आहे. भाषा कशी, लेखकास शब्दांची पारख आहे की नाही, तो वाचकास मूर्ख समजतो की शहाणा, हे दहा पानांत कळते आणि सहसा पुढे बदलत नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांपैकी पहिल्या अध्यायाच्या २७५ ओव्या वाचणाऱ्यास त्या वाणीची गोडी कळून चुकते. एवढ्यापुरते शीत भाताची साक्ष देते. परंतु ग्रंथास आरंभ, मध्य व अंत असतो. अंतामुळे आरंभाचा अर्थ बदलतो. भाताच्या शितांत असा काही क्रम नाही.

महाभारताचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरी केलेली चिकित्सक आवृत्ती सुमारे पाऊण लाख श्लोकांची आहे. तिचा दहावा भाग काढला तर तो जवळजवळ आदिपर्वाएवढा भरतो. आदिपर्वाचे श्लोक सात हजारांवर आहेत. म्हणजे महाभारताची वानगी आजच्या नियमाने मागविली, तर तीत सर्पसत्र येईल, शकुंतला व ययाती येतील, भीष्मांची प्रतिज्ञा, लाक्षागृह, द्रौपदीचे स्वयंवर हे सर्व येईल. भावांना अर्धे राज्य मिळेल आणि इंद्रप्रस्थ वसेल. खांडववन जळून मयासुरास जीवदान मिळेल, आणि तेथे वानगी संपेल. मयसभा अजून बांधली गेलेली नाही. फासे पडलेले नाहीत. सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न, वनवास, यक्षाचे तळे, कुरुक्षेत्रावरील उपदेश, शरपंजरी पडलेले भीष्म, यांतील काहीच घडलेले नाही. एवढ्यावरून मत देणारा मनुष्य असे म्हणेल की, ही एका राजघराण्यातील भाऊबंदकीची लांबण लावलेली कथा आहे, मध्ये उपकथा फार आहेत, पण वाटणी होऊन शेवट गोड झाला. यातील एकही शब्द त्याने वाचलेल्या भागाविषयी खोटा नाही. आणि संपूर्ण ग्रंथाविषयी हे विधान इतके चुकीचे आहे की त्याचे हसू यावे. खरे आहे की आदिपर्वाच्या आरंभीच पर्वसंग्रहात पुढे काय काय येणार याची यादी दिलेली आहे. परंतु यादी वाचून द्यूतसभा कळते असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, महाभारत हा अपवाद. सामान्य पुस्तकास एवढा मान का द्यावा? म्हणून केवळ करमणुकीसाठी निघालेल्या एका पुस्तकाचे उदाहरण देतो, आणि त्याचा हिशेब आकड्यांनीच झालेला आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचे ‘पिकविक पेपर्स’ १८३६ व १८३७ या दोन वर्षांत दरमहा एक शिलिंग किमतीच्या भागांत निघाले. एकूण वीस भाग, त्यांतील शेवटचे दोन जोडून. पहिल्या भागाच्या सुमारे चारशे प्रती बांधून तयार केल्या होत्या, आणि त्यासही उठाव बेताचाच होता. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा हजरजबाबी नोकर कथेत आला, आणि लोक त्या पुस्तकावर तुटून पडले; अखेरच्या भागांचा खप चाळीस हजारांच्या घरात गेला. वीस भागांचा दहावा हिस्सा म्हणजे पहिले दोन भाग. ज्या पात्रामुळे ते पुस्तक जगाने डोक्यावर घेतले ते पात्र वानगीच्या हद्दीत नव्हतेच! पहिले दोन भाग वाचून ज्यांनी पुढचे घेतले नाहीत, त्यांनी अन्याय केला असे मी म्हणत नाही. त्यांचा शिलिंग त्यांचा होता. त्यांतील कोणी चार लोकांत ‘हे पुस्तक टाकाऊ आहे’ असे सांगत फिरला असेल, तर मात्र त्याने आपणास ठाऊक नसलेल्या गोष्टीची साक्ष दिली.

माझे म्हणणे या भेदापाशी येते. ‘मला हे घ्यावेसे वाटले नाही’ हे आपल्याविषयीचे विधान आहे, आणि ते करण्यास एक पानही पुरते. ‘हे पुस्तक वाईट आहे’ हे पुस्तकाविषयीचे विधान आहे, आणि ते वानगीवर करता येत नाही. पहिल्यात रुची बोलते, दुसऱ्यात निवाडा होतो. आणि एका पक्षाचे दहाव्या हिश्श्याइतके बोलणे ऐकून निवाडा देणाऱ्या पंचास आपण गावात काय म्हणतो, ते सर्वांस ठाऊक आहे. हा भेद बोलताना पाळणे कठीण नाही. कठीण जाते ते यामुळे की, न घेतलेल्या वस्तूस नावे ठेवल्यावाचून मनास चैन पडत नाही. घेतले नाही याचे कारण आपल्या आवडीत नसून वस्तूच्या दोषात आहे, असे स्वतःस पटवावे लागते.

पूर्वी अशा बोलण्याचा पल्ला ओट्यापुरता असे. आज तो जगभर पोचतो. गुडरीड्स नावाच्या ठिकाणी वाचक पुस्तकांस पाचांपैकी तारे देतात, आणि तेथे तारे देण्यासाठी पुस्तक वाचल्याचा पुरावा लागत नाही. २०२३ च्या जून महिन्यात एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने आपली नवी कादंबरी पुढील वर्षी निघेल असे जाहीर केले. कथा रशियातील सैबेरियात घडणारी, आणि त्या वेळी युक्रेनवर रशियाची स्वारी चालू असल्याने पुष्कळांच्या भावना दुखावल्या. शेकडो लोकांनी त्या पुस्तकास एकेक तारा दिला. पुस्तक छापलेले नव्हते. दहावा भाग दूर राहो, एक ओळही कोणी वाचलेली नव्हती. लेखिकेने थोड्याच दिवसांत प्रकाशन बेमुदत पुढे ढकलले. दुखावलेल्यांच्या दुःखाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. युद्धात होरपळणाऱ्याने काय वाचावे हे दुसऱ्याने सांगू नये. ‘ही कथा आता नको’ असे त्यांनी म्हटले असते तर ते विधान त्यांचे स्वतःचे होते. पण तारा पुस्तकास दिला गेला, आणि पुस्तक तेथे नव्हते.

मोठ्या भाषेतील नामांकित लेखिका असा आघात सोसू शकते. मराठीचे तसे नाही. आपल्याकडे एखाद्या पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, पुष्कळदा त्याहून कमीच. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणारी आपल्यासारखी घरे किती, ती आपणच मोजू शकतो. अशा लहान मंडळात एका जाणत्या माणसाने सहज टाकलेला शब्द पन्नास घरांत फिरतो, आणि तो शब्द वानगीवर आधारलेला होता हे एकावनाव्या घरी कोणासही ठाऊक नसते. कादंबरी लिहिण्यास दोन वर्षे घालविलेल्या माणसाच्या हाती याविरुद्ध काहीच उपाय नाही. तो दाराशी येऊन ‘पुढची पाने वाचा हो’ असे म्हणू शकत नाही.

वानगीचा परिणाम लेखकांवरही होत असावा, अशी मला शंका येते. पहिल्या दहाव्या भागातच ग्राहक बांधला गेला पाहिजे, असे ठरले म्हणजे पहिल्या पानावर प्रेत सापडते, दुसऱ्यावर पोलीस येतात, आणि नायकाची आई कशी होती हे सांगण्यास लेखकास धीर उरत नाही. उलट आपल्या जुन्या वळणाच्या मराठी ग्रंथांची वानगी पाहावी तर तीत प्रकाशकाचे निवेदन, एखाद्या थोर गृहस्थाची प्रस्तावना, लेखकाचे मनोगत आणि ऋणनिर्देश एवढेच येते. वानगी संपते तेव्हा लेखकाच्या सर्व स्नेह्यांची नावे वाचकास पाठ झालेली असतात आणि ग्रंथास मात्र अजून सुरुवात व्हावयाची असते! प्रकाशकांनी हे पाठ शेवटी नेऊन ठेवले तर लेखकावर उपकार होतील.

विश्वासाची दिशाही येथे पालटली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, त्या कामामागे आधी पैसे देणारे वर्गणीदार होते. पुढे काय येणार हे त्यांना दिसत नव्हते. वानगी मागण्याची सोय नव्हती. त्यांनी एका माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला, आणि त्यावर मराठीतील एवढे मोठे काम उभे राहिले. आज विश्वास आधी लेखक टाकतो. आपल्या ग्रंथाचा दहावा भाग तो अनोळखी माणसाच्या हाती देतो, ते काही अटीवाचून. ते दिवस पुन्हा आणावेत असे मी सुचवीत नाही. ऐपत बेताची असणाऱ्यास न पाहता खरेदी करावयास लावणे बरे नव्हे. पण ज्याने आधी विश्वास टाकला त्याच्याशी वागताना जी सभ्यता पाळावयाची, ती वर्गणीदारांनी पूर्वी अपेक्षिली तेवढीच आज लेखकानेही अपेक्षिली तर ते वावगे होणार नाही. कोणी ‘ते पुस्तक कसे आहे?’ असे विचारले, तर ‘आरंभाची वीस पाने वाचली, भाषा मला जड वाटली, पुढचे वाचले नाही’ असे सांगण्यास पुरते एक श्वासभर वेळ लागत नाही.

यंत्रात साचलेल्या वानग्यांचे काय करावे, असे कोणी विचारील. ज्या उघडूनही पाहिल्या नाहीत त्या खुशाल काढून टाकाव्यात. त्यांनी लेखकाचे काही नेलेले नाही. ज्या दोनचार पानांवर सोडल्या त्याही जाऊ द्याव्यात. राहता राहिल्या त्या, ज्या आपण अर्ध्या तुटलेल्या वाक्यापर्यंत वाचल्या. त्यांचे पुढचे पुस्तक घ्यावयाचे की नाही, हे त्याच रात्री ठरवावे. आठवडा लोटला की तुटलेले वाक्य कोणाच्या तोंडी होते, तेही आठवत नाही.